हायपर होऊ नकोस

नदीच्या घाटावर वृंदाच्या नवऱ्याच्या दहाव्याचा पिंड ठेवून पाऊण तास झाला, तरी फांदीवरचा कावळा खाली उतरेना.

“दादा, तुझी स्कूटर विकणार नाही,” धाकट्या दिराने हात जोडून कबूल केलं. “भावजी, मुलाचं शिक्षण माझ्याकडे लागलं,” वृंदाच्या भावाने सांगितलं. कावळ्याने पंखात चोच खुपसली. मयताची शेवटची इच्छा ओळखण्याच्या परीक्षेत सगळे नापास झाले, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला.

सत्तावीस वर्षांच्या संसारात वृंदा चिडली, घाबरली, रडली, की नवऱ्याचं एकच औषध असे: “हायपर होऊ नकोस.” त्याच्या छातीत कळ आली आणि ती ‘डॉक्टर, डॉक्टर’ म्हणून ओरडली, तेव्हाही त्याने तेच सांगितलं. तेवढंच शेवटचं. त्यानंतरचे दहा दिवस तिने डोळे आज्ञाधारकपणे कोरडे ठेवले होते.

ती पिंडापुढे आली. “अहो, निघा आता. मी हायपर होणार नाही.”

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

आणि दिलेला शब्द वृंदाने तिथंच, घाटाच्या पायरीवर बसून, हंबरडा फोडून मोडला.