दहा हजार पावलं

"दोनशे बारा," मनगटावरचा पट्टा पाहून आयपेरी म्हणाली आणि खिडकीशी तशीच बसून राहिली.

"दोनशे बारा! अगं, अंड्यांवर बसलेली कोंबडीसुद्धा दिवसात याहून जास्त चालते," झुराकान म्हणाली.

नात हसली. हल्ली ती तेवढ्यापुरतीच हसायची.

लहानपणी या पोरीचा पाय ठरत नसे. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा रीतीप्रमाणे पायांत काळापांढरा दोर बांधला आणि गावात सगळ्यांत जोरात धावणाऱ्या मुलीच्या हातून कापून घेतला. त्या मुलीची चाल लागली म्हणून आजी मिरवायची. आता पंधरावं लागलं आणि शाळेतून आली की गादी, खिडकी, फोन. पडद्यावर कित्येकदा उजेडही नसायचा. नव्या फोनांचं असंच असेल, म्हणून झुराकानने सोडून दिलं.

पावलं मोजणारा पट्टा मॉस्कोहून आला होता. आयपेरीची आई गुलझात नऊ वर्षं तिथे परक्यांची घरं पुसत होती. लेकीच्या पावलांचा आकडा तिला तिकडे फोनवर दिसायचा.

"आई, नुसती बसून पोर आजारी पडेल," तिने पोरीच्या देखत झुराकानला बजावलं होतं. "या महिन्यात एकदा तरी दहा हजार दिसू देत. नाहीतर मी येते."

येणार आणि पोरीला घेऊन जाणार, हे झुराकानने ओळखलं. मग या घरात उरणार कोण? एक ती स्वतः आणि एक घोडी. आणि घोडीला बोलता येत नाही.

आज महिन्याचा शेवटचा दिवस. आयपेरी नेहमीसारखी पट्टा खुंटीला अडकवून शाळेला निघाली.

"आजही काढलास?"

"शाळेत काढायला लावतात, आजी."

दार लागताच झुराकानने पट्टा उचलला. लोकरीच्या जाड नमद्याच्या तुकड्यात गुंडाळून करड्या घोडीच्या पायाला बांधला. मग विचार केला, ही बया उधळून तीस हजार करून यायची आणि गुलझातला संशय यायचा. म्हणून पुढच्या पायांना पायबंद घातला आणि तिला कुरणात सोडलं.

संध्याकाळी पुसलेला पट्टा खुंटीवर होता. आयपेरीने तो हातात घेतला आणि खिडकीशी बसली. अकरा हजार चारशे. ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"माझी वाघीण!" पलीकडून गुलझात हसत होती, रडतही होती. "आई, पाहिलंस ना? आता मला घोर नाही. काम सोडून कायमची घरी यायला निघाले होते गं, उद्याचं तिकीट होतं. आत्ताच परत केलं."

फोन बंद झाला. झुराकानने चहाचा पेला खाली ठेवला.

आयपेरी खिडकीपासून उठली. आईसाठी कोपऱ्यात अंथरून ठेवलेली जास्तीची गादी आणि उशी तिने उचलली आणि परत पेटाऱ्यावर रचून ठेवली.

"शाळेत पट्टा काढायला कुणीच लावत नव्हतं, आजी," ती म्हणाली. "फक्त आजचा दिवस बसून काढायचा राहिला होता."