पेजेचा डबा

रुग्णालयातल्या खाटेवर हिरड्यांतून येणारं रक्त पुसताना नानिवडेकरांना भेटायला आलेल्या घराशेजारच्या खोतांच्या हातातला स्टीलचा डबा दिसला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. नगरसेवकाच्या वाढदिवशी रक्तदात्यांना वाटलेला हाच तो डबा. ‘डब्यापायी रक्त’ या त्यांच्या विनोदी लेखात खोत नावानिशी होते.

डेंग्यूनं आता प्लेटलेट्स तळाला नेल्या होत्या. रक्त मागताच लेखाला दाद देणाऱ्या मित्रांपैकी कुणाला बीपी निघालं, कुणाकडे लग्न.

“आत्ताच प्लेटलेट्स देऊन आलो, सर. पिशवी चढेल संध्याकाळी. पेज घ्या,” खोत म्हणाले.

“खोत, तो लेख…”

“वाचला की! पाहुण्यांनाही पाठवला. इथं मात्र चहा-बिस्किटावरच भागवलं बघा.”

नानिवडेकरांनी डब्यात तोंड खुपसलं. पेजेत मीठ कमी होतं. पण त्यावर काही लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.