तानपुऱ्यामागचे ठोके

शर्वाणी जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. वडिलांच्या गाण्याच्या एका जुन्या टेपवर आई मागे तानपुरा घेऊन बसली होती, एवढंच तिला ठाऊक होतं. ती टेप घेऊन ती मिरजेला फैयाज मुजावरांच्या स्टुडिओत आली.

त्या काळी टेपची खरखर दाबायला आवाजाचे चढउतार आवळून टेपवर भरत. मुजावरांचं सॉफ्टवेअर ते पुन्हा मोकळे करायचं आणि टेपमधला एकेक आवाज सुटा काढायचं.

त्यांनी वडिलांचं गाणं बाजूला केलं, मग तबला, मग तानपुऱ्याच्या तारा. शेवटी एक श्वास उरला.

“ही तुमची आई,” मुजावर हळूच म्हणाले. “भोपळा पोटाशी टेकलेला होता, ताई. अंगातले ठोकेसुद्धा उतरलेत त्यात.”

शर्वाणीने डोळे मिटले. ठोके संथ होते. पण त्यांच्या आड आणखी काही वाजत होतं, जवळजवळ दुप्पट जलद.

“मशीन चुकतंय का?” तिने विचारलं.

मुजावरांनी टेपच्या डबीवरची तारीख वाचून दाखवली. “तुमचा जन्म कधीचा?”

“पुढच्याच महिन्यातला,” शर्वाणी म्हणाली आणि तिचा हात आपोआप स्पीकरवर गेला.

मुजावरांनी आवाज थोडा वाढवला. त्या दोघी एकत्र ऐकू येत होत्या.