कडबाकुट्टीचं झाकण

हौसाबाईंनी हात टेबलावर ठेवला. बँडेजमध्ये तीनच बोटं उरली होती. ऋजुताची नजर खाली गेली. चारा कापायच्या ज्या कडबाकुट्टीत बोटं गेली, ती तिच्याच आराखड्यावरून बनली होती.

"पात्यावरचं झाकण लावलं नव्हतं का, मावशी?"

"त्यात चारा अडकतोय, ताई. यंदा आणखी लांब केलंसा न्हवं? गावात समद्यांनीच काढून ठेवलंय."

दरवर्षी झाकण दोन इंचांनी वाढत होतं. "एकदम नवं यंत्र कोण घेणार? थोडंथोडं सुधारत राहू," असं कारखान्याचे मालक म्हणायचे आणि ऋजुता मान डोलवायची. आजही ते समजुतीनं म्हणाले, "पुढच्या खेपेला झाकण वेल्डिंगच करून टाकू."

ऋजुता उठली. कोपऱ्यात धूळ खात पडलेलं, स्वतः बनवलेलं नमुन्याचं यंत्र तिनं सुरू केलं. पेंढी आत सरकवली आणि तिच्यामागोमाग आपला हात पुढे नेला. मालक ओरडले. हात पात्यापासून वीतभर लांब असतानाच यंत्र आपोआप थांबलं.

हौसाबाई कितीतरी वेळ त्या थांबलेल्या पात्याकडे पाहत राहिल्या.

"कवा केलंसा हे?"

मालकांनी घसा खाकरला. ऋजुतानं मात्र खरं तेच सांगितलं.

"दोन वर्षं झाली, मावशी."