उलटी सही

"हा कोण?" जिबराईल नह्हासने विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्हीच की, डॉक्टरसाहेब!" पत्र्यावर चित्रं कोरून छापणाऱ्या टफ्नेलने शाईचे हात कमरेच्या फडक्याला पुसले. "आत्ताच निघालीय पहिली प्रत. ओली आहे, बोट नका लावू."

जिबराईल चित्रासाठी या कोरक्यापुढे बसला होता तो काळ्या कोटात, हातात वैद्यकाचं पुस्तक घेऊन. लंडनच्या इस्पितळात तो असाच जायचा. कागदावरच्या माणसाच्या डोक्याला मात्र भोपळ्याएवढं पागोटं, कमरेला वाकडा खंजीर. पुस्तकाच्या जागी हुक्क्याची नळी. आणि मागच्या खिडकीत चक्क उंट!

"उंट कशाला? अहो, आमच्या खिडकीतून शेजारणीचं धुणं दिसतं!"

"प्रकाशकांचा हुकूम. म्हणाले, पूर्वेकडचा माणूस कोटात दाखवलास तर आपला चित्रांचा अल्बम विकत घेईल कोण? नाक तेवढं तुमचंच ठेवलंय हं. थोडं लांबवलंय."

जिबराईल खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. संध्याकाळच्या जहाजाने त्याचा एक गाववाला गावी, अलेप्पोला निघाला होता. त्याच्या हाती हे चित्र बापाला पाठवायचं होतं. बाप तांबट, तांब्याच्या थाळ्यांवर नावं कोरण्यात हयात गेलेली. डोळे जायच्या आत पोराचं तोंड एकदा बघायचं, एवढाच म्हाताऱ्याचा ध्यास. आणि आता त्याला काय दाखवायचं, हा बहुरूपी?

निदान खाली सही तरी आपली आहे, असं त्याने मनाला समजावलं. प्रकाशकाशी भांडून त्याने तेवढी अरबीत करायची परवानगी मिळवली होती. अक्षर बापानेच शिकवलेलं. म्हातारा ते तरी ओळखेल.

तो वाकला. सही त्याला वाचता येईना.

"हे उलटं कोरलंय तुम्ही!"

"छे! सरळच कोरलंय," टफ्नेल म्हणाला. "आमची अक्षरं पत्र्यावर उलटी कोरावी लागतात, तेव्हा कागदावर सुलटी उमटतात. पण तुमची लिपी उजवीकडून डावीकडे, म्हणजे मुळातच उलटी. म्हटलं, उलट्याला पुन्हा काय उलटं करायचं? होती तशी कोरली."

जिबराईलला हसू आलं आणि तळपायाची आगही मस्तकात गेली. "बदला ते. आत्ता."

"पत्रा छपाईला लागलाय, साहेब. आणि लंडनमध्ये हे वाचणार कोण?"

"माझा बाप लंडनमध्ये राहत नाही."

टफ्नेल काहीतरी सुचल्यासारखा धडपडत गेला आणि कोरीवकाम तपासायचा आरसा घेऊन आला. चित्रासमोर धरून म्हणाला, "हे बघा! आलं की नाही सुलटं? वडिलांना कळवा, आरशात बघा म्हणावं."

खरंच आलं होतं. प्रत्येक अक्षराचं वळण जागच्या जागी होतं. जिबराईलने ते वाचलं, मग वर पागोट्याखालच्या माणसाकडे पाहिलं. त्याने टोपी उचलली. चित्र तिथेच राहू दिलं.

"सही आली सुलटी," दारातून तो म्हणाला. "आता हे तोंड कुठल्या आरशात सुलटं होतं तेवढं शोधून ठेवा."