दर सुट्टीला एक पार्ट

“या वेळी सगळंच घेऊन टाकू,” काउंटरवर पर्स ठेवत धाकटी म्हणाली, आणि पिशवी काढायला गेलेला थोरलीचा हात तिथेच थांबला.

दोघी बहिणींचा नियम ठरलेला होता. धाकटी नोकरीच्या गावाहून वर्षातून एकदा सुट्टीवर आली की गेम खेळायच्या कॉम्प्युटरचा एक पार्ट घ्यायचा. एकच. पहिल्या वर्षी रिकामं कॅबिनेट घेतलं, त्यात थोरली अजून दोऱ्याची रिळं ठेवते. मग पॉवर सप्लाय, मग मदरबोर्ड, गेल्या खेपेला प्रोसेसर. इतक्या सावकाश कॉम्प्युटर जोडणारं गिऱ्हाईक दुकानदाराने जन्मात पाहिलं नव्हतं. तोवर घरच्या जुन्या मशीनवर गेम रडतखडत चालायची. तीही साधी नव्हे, मॉड्सनी, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या बदलांनी, भरलेली. थोरली शिंपीण. गेममधल्या वस्तीतल्या माणसांचे गबाळे कपडे तिला बघवेनात, म्हणून तिने मॉड बनवायला शिकून एकेकाचे कपडे नव्याने बेतले. आता तिथे अडीचशे माणसं नीटनेटकी फिरत होती आणि मशीन धापा टाकत होतं.

“सगळंच? वा!” दुकानदार खुलला. मेमरीच्या पट्ट्या, स्टोरेज, प्रोसेसरवर बसवायचा पंखा, एकेक खोका त्याने काउंटरवर मांडला. शेवटी दोन ग्राफिक्स कार्डं पुढे ठेवली. “हे पळायला वाघ आहे. हे जरा हळू, पण याची मेमरी दुप्पट.”

“पळून कुठे जायचंय?” थोरली म्हणाली. “माझ्या कापडाचा धागा न् धागा दिसला पाहिजे. तेवढं कार्डात मावायला नको?”

“बरोबर. मॉड्सवाल्यांना मेमरीच लागते.”

“मग दुप्पटवालं द्या,” धाकटी म्हणाली.

थोरलीला आपल्याच तोंडाचा राग आला. आता तिने खुसपटं काढायला घेतली. कार्डाचा खोका कोपऱ्यात चेपलाय. मेमरीच्या पट्ट्यांना दिवे कशाला, त्यांना अंधाराची भीती वाटते का? आणि हे स्टोरेज एवढंसं, यात माझी अडीचशे माणसं राहणार कुठे?

“ताई, पार्ट बघताय की जावई?” दुकानदाराने विचारलं.

धाकटी हसली. थोरली हसली नाही.

“एवढी कसली घाई गं तुला? नियम म्हणजे नियम. आज कार्ड घे, बाकीचं पुढे बघू.”

धाकटी खोक्यावरचं लेबल नखाने खरवडत राहिली. “पुढच्या वर्षी जमणार नाही बहुतेक, ताई. नोकरी कायम होतेय तिकडे. घरही बघितलंय.”

“मग? घर घेतलेल्यांना सुट्टी देत नाहीत?”

“देतात. पण इतक्या लांब दर वर्षी… तू ये ना तिकडे.”

“आणि गिऱ्हाइकांचे कपडे कोण शिवणार? हे?” थोरलीने दुकानदाराकडे बोट दाखवलं. त्याने उगीचच पट्ट्या सरळ केल्या.

“ऐक ना. मी तिकडे हेच पार्ट घेते, तुझेच मॉड टाकते. ऑनलाइन खेळू. तू तुझी, मी माझी. मी इथे असल्यासारखंच होईल.”

थोरलीच्या डोक्यात तेवढेच शब्द अडकले. तू तुझी, मी माझी! लहानपणापासून गेममध्ये दोघींचं मिळून एकच पात्र होतं. चालवायची बटणं धाकटीकडे, माउस थोरलीकडे. एकीने चालायचं, दुसरीने बघायचं. एका खुर्चीवर दोघी अर्ध्या अर्ध्या बसायच्या, आणि पात्र विहिरीत पडलं की कोपराने एकमेकींना ढोसायच्या. थोरलीला ते कोपर हवं होतं. वेगवान कॉम्प्युटर तिला कधीच नको होता. तो पुरा झालेला नाही म्हणून ही दर वर्षी येते, असं तिने मनाशी धरलं होतं. खुळेपणाच तो. पण धरलं होतं खरं.

तिने खोक्यांवरून नजर फिरवली आणि एक उचलला.

“हा नसला तर?”

“पंखा?” दुकानदार म्हणाला. “मग मशीन चालूच करू नका. प्रोसेसर तापेल, मिनिटभरात सगळं बंद.”

“म्हणजे बाकी सगळं असूनही उपयोग नाही?”

“काडीचा नाही.”

“मग हा राहू दे.” तिने खोका त्याच्याकडे सरकवला. “बाकीचं बांधा.”

“ताई, अगं, ते म्हणाले ना, पंख्याशिवाय…”

“बहिरी नाही मी. हा पुढच्या सुट्टीत घेऊ.”

दुकानदाराने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. खोक्याला हात लावावा की नाही, त्याला कळेना. थोरली पिशवीची घडी उलगडत बसली होती. ती उलगडायला एवढा वेळ लागायचं काहीच कारण नव्हतं.

धाकटीने पंख्याचा खोका उचलला. घटकाभर हातात धरला. मग टाचा उंचावून भिंतीच्या फळीवर, सगळ्यात वर, दुसऱ्या खोक्यांच्या मागे सरकवून ठेवला.

“हा कोणाला विकू नका हं,” ती दुकानदाराला म्हणाली.