चहाआधीचा शिक्का

प्रबंधाच्या पाच जाडजूड प्रती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवताना कल्याणीला धाप लागली होती.

"मुदत काल संपली," पीएचडी विभागातले गुंजाळकाका चष्म्यावरून बघत म्हणाले. "महिन्यापूर्वीच सूचना फलकावर लावलीय."

तिने वळून पाहिलं. फलकभर क्रीडा महोत्सवाचं पोस्टर होतं. तिने त्याचा कोपरा उचलला, तर सूचना बिचारी खाली गुदमरून पडलेली. सहा वर्षांची मेहनत! तिचे डोळे भरून आले.

काकांनी मान लांब करून ते पाहिलं. "कुठल्या शहाण्याने हे वर चिकटवलं?" असं पुटपुटत त्यांनी पोचपावतीवर शिक्का हाणला.

तिने पावती वाचली. "काका, ही तर कालची तारीख..."

"शिक्क्यावरची तारीख मी चहा झाल्यावर बदलतो," काका खेकसले. "आणि चहा अजून आलेला नाही."